प्रतिसाद: मॅन्युअलमध्ये आहे, पण कुठे?

या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय की एफएफएमपेगचं (कमांड लिहून व्हिडिओ-ऑडिओ कापायचं, बदलायचं सॉफ्टवेअर) मॅन्युअल नीट वाचलं तर सगळं कळतं. लिहिलेलं बरंच आहे हो, पण हवं तिथे नाही, हे खरं दुखणं.

साधं काम घ्या. तासाभराच्या व्हिडिओतला 10 ते 12 मिनिटांचा तुकडा हवाय. माणूस सहज लिहितो: ‘-एसएस 00:10:00 -आय मूळफाइल -टीओ 00:12:00 -सी कॉपी’ (‘-एसएस’ म्हणजे कुठून, ‘-आय’ म्हणजे कोणती फाइल, ‘-टीओ’ म्हणजे कुठपर्यंत, ‘-सी कॉपी’ म्हणजे पुन्हा एन्कोड न करता जसंच्या तसं). हाती येतात 2 नव्हे, 12 मिनिटं! एरर नाही की सूचना नाही. ‘-एसएस’ हा ‘-आय’च्या आधी आला की आउटपुटचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं आणि मागून आलेला ‘-टीओ’ त्याच घड्याळावर मोजला जातो. एकतर ‘-टीओ’लाही ‘-आय’च्या आधी बसवा, नाहीतर सरळ ‘-टी 120’, म्हणजे 120 सेकंदांची लांबी, द्या.

‘पर्याय पुढच्या फाइलला लागू होतो, म्हणून क्रम महत्त्वाचा’ हे सुरुवातीच्या वर्णनात आहे. ‘-टीओ’च्या दोन-तीन ओळींच्या नोंदीत मात्र या घोळाबद्दल अवाक्षर नाही, आणि घाईत असलेला माणूस तीच नोंद उघडतो.

शिवाय ‘-सी कॉपी’ असेल तर कट की-फ्रेमवरच (अधूनमधून येणाऱ्या, स्वतंत्रपणे साठवलेल्या पूर्ण चित्रावरच) पडतो, त्यामुळे तुकडा काही सेकंद आधीपासून सुरू होऊ शकतो. नेमका कट हवा तर ‘-सी कॉपी’ऐवजी ‘-सी:व्ही लिबएक्स264’ (व्हिडिओचा एन्कोडर) देऊन पुन्हा एन्कोड करा, वेळ लागेल.

ज्यांना नुसतं कुरकुरायचं नाही त्यांच्यासाठी: हे मॅन्युअल एफएफएमपेगच्या सोर्स कोडच्या ‘डॉक’ फोल्डरमधल्या टेक्सइन्फो (मॅन्युअल लिहायच्या साध्या मजकुराच्या) फाइलींतून तयार होतं. एका वाक्याचा पॅच (दुरुस्ती) पाठवायला सी भाषा यावी लागत नाही.