मदत हवी आहे: खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या) भाताला स्फुरद (फॉस्फरस) देऊनही फुटवा येत नाही

पेणचा_खारेपाट:
लावणीला 18 दिवस झाले, तरी भात जागचे हललेले नाही. चुडाला (रोपांच्या जुडग्याला) दोन-तीनच फुटवे असून पाने तांबूस दिसतात. चिखलणीच्या वेळी डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) भरपूर दिले होते, परंतु खार जमिनीत स्फुरद लागू पडत नाही असे दुकानदार सांगतो. आणखी एक गोणी टाकावी का, आणि ती डीएपीची की सुपर फॉस्फेटची, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मातीनमुना:
'भरपूर' म्हणजे किती गोण्या, क्षेत्र किती, वाण कोणता, आणि मातीची क्षारता कधी तपासली होती? तांबूसपणा शेंड्याला आहे की पानाच्या मध्यावर, हेही लिहा. त्यावरच सगळे उत्तर अवलंबून आहे.

खाडीकाठ:
खार जमिनीत सिंगल सुपर फॉस्फेटच द्यावे, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्यात 16 टक्के स्फुरदाबरोबर कॅल्शियम आणि गंधकही असते, आणि कॅल्शियम सोडियमला हटवते. डीएपीमध्ये स्फुरद असले तरी कॅल्शियम आणि गंधक नाही.

मातीनमुना:
खाडीकाठ, सुपर फॉस्फेट चांगलेच आहे, पण 50 किलोच्या गोणीत जेमतेम 10 किलो कॅल्शियम असते आणि समुद्राच्या पाण्याने आलेल्या मिठापुढे ते नगण्य आहे. ते मीठ पावसाच्या पाण्यानेच धुऊन निघते. शिवाय खाचरात पाणी साचले की मातीतील लोहाशी बांधलेले स्फुरद सुटे होते, त्यामुळे भाताला पुष्कळदा आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी स्फुरद पुरते. क्षारतेने मुळेच आखडली असतील, तर स्फुरद जवळ असूनही पीक ते उचलू शकत नाही. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (क्षारतेचे माप) मीटरला 3 डेसिसायमनच्या वर गेली की पुढील प्रत्येक एककामागे भाताचे उत्पन्न साधारण 12 टक्क्यांनी घटते, आणि ही घट खताने भरून निघत नाही.

ऊसपट्टा:
आमच्याकडे कालव्याच्या पाण्याने बिघडलेल्या जमिनीला जिप्समचा चांगला गुण आला. आपणही एकरी दोन टन जिप्सम घालून पाहावे.

खाडीकाठ:
आपण सांगता ती चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) जमीन आहे. खार जमिनीत मुख्य अडचण विरघळणाऱ्या मिठाची असते, त्यामुळे तपासणीत सामू (पीएच) आणि सोडियम वाढलेले दिसल्याशिवाय जिप्समवर पैसे घालवू नयेत.

खाजण_गोवा:
आमच्या खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) कोरगुट हे जुने भात पेरतात. भरतीबरोबर येणाऱ्या गाळावर ते रासायनिक खताशिवायही निभावते. पुढील हंगामात या वाणाचा विचार करावा.

पेणचा_खारेपाट:
पुढील हंगामाचे नंतर पाहू, मला याच पिकाचे सांगा. क्षेत्र एक एकर आहे, डीएपीच्या दोन गोण्या दिल्या, वाण पनवेल-3 आहे आणि माती तपासलेली नाही. आपल्या सांगण्यावरून आज पाच चूड उपटून पाहिले. खाचराच्या मधल्या भागात खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आहेत, तर उघाडीकडच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडच्या) कोपऱ्यात शेंडे पांढरे पडून वाळले आहेत. लावणीनंतरच्या उधाणाला उघाडीच्या फळ्यांतून पाणी आत झिरपले होते. ते महत्त्वाचे वाटले नाही म्हणून लिहिले नव्हते.

मातीनमुना:
तेच सर्वांत महत्त्वाचे होते. दोन गोण्यांत 46 किलो स्फुरद गेले. हेक्टरी 50 किलोच्या शिफारशीप्रमाणे एकरी 20 किलोच लागते. म्हणून तिसरी गोणी मुळीच टाकू नये. अति स्फुरदाने जस्ताची कमतरता वाढते, आणि लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी दिसणारे गंजासारखे ठिपके हे तिचेच लक्षण आहे. दर लिटर पाण्यात 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 2.5 ग्रॅम चुना मिसळून फवारावे. जस्त आणि स्फुरदाचे खत एकत्र कालवू नये. उघाडीकडच्या कोपऱ्याला फवारणीचा उपयोग होणार नाही. तेथे फळ्या चिखलाने लिंपून घ्या, ओहोटीला पाणी सोडा आणि पावसाचे गोडे पाणी पुन्हा कोंडून धरा. असे दोन-तीनदा करा.

खाडीकाठ:
पालाशही (पोटॅशचे खत) आत्ता थांबवा. म्युरेट ऑफ पोटॅश हे स्वतःच मीठ आहे, ते त्या कोपऱ्यात तर अजिबात टाकू नका.

पेणचा_खारेपाट:
फळ्या आज संध्याकाळच्या ओहोटीला लिंपतो. मातीचा नमुना दोन्ही भागांतून वेगवेगळा घ्यावा की एकत्र करावा?

मातीनमुना:
वेगवेगळाच घ्यावा, आणि पाणी सोडण्यापूर्वी घ्यावा.