सर्वश्रेष्ठ कार्टून कोणतं? माझं मत 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?'ला

माळरान

पूर्ण लांबीचे सिनेमे बाजूला ठेवूया. विषय आहे छोट्या कार्टूनचा, थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे त्या जातीच्या. १९९४ साली अ‍ॅनिमेशनचे इतिहासकार जेरी बेक यांनी अ‍ॅनिमेशन क्षेत्रातल्या हजारभर लोकांची मतं घेऊन पन्नास कार्टूनची यादी पुस्तकरूपात आणली. पहिला नंबर वॉर्नर ब्रदर्सच्या 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?'चा. साल १९५७, दिग्दर्शक चक जोन्स. इतक्या वर्षांनंतरही तो निकाल बदलावा असं मला वाटत नाही.

गोष्ट नेहमीचीच आहे. एल्मर शिकारी, बग्ज बनी ससा. फक्त इथे सगळं जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांच्या सुरावटीवर घडतं. सुरुवातीला कड्यावर एक अजस्र सावली हात फिरवते आणि आभाळ फाटल्यासारखं वादळ उठतं. मग सावलीचा धनी दिसतो, तर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला बुटका एल्मर! पुढे बग्ज सोनेरी वेण्या लावून, त्या ऑपेरांतल्या ब्रुनहिल्ड या वीरांगनेच्या वेषात एका लठ्ठ घोड्यावरून डौलात उतरतो. सोंग आहे हे आपल्याला माहीत असतं, एल्मरला नसतं, आणि तो प्रेमात पडतो. ते प्रेमगीत थट्टा म्हणून गायलेलंच नाही, अगदी जीव लावून गायलंय. मॉरिस नोबलने रचलेली आकाशं, ते खांब, त्या उंचच उंच पायऱ्या बघा. सहा-सात मिनिटांच्या कार्टूनसाठी इतका जीव कोण ओततं? ठरलेल्या वेळेत हे बसेना, तेव्हा जोन्सच्या मंडळींनी जादा तास रोडरनरच्या कार्टूनवर लागले असं दाखवून काम पुरं केलं.

आणि शेवटी एल्मर जिंकतो. जिंकतो आणि रडतो. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हे निवडलं गेलं, ते उगाच नाही.

खारेदाणे

असहमत. वाग्नर कोण, ब्रुनहिल्ड कोण, हे माहीत असेल तरच त्यातली निम्मी गंमत कळते. सर्वश्रेष्ठ म्हणवणाऱ्या कार्टूनला प्रेक्षकाच्या आधीच्या अभ्यासाची गरज का पडावी?

माझं मत 'द कॅट कॉन्सर्टो'ला. टॉम आणि जेरी, दिग्दर्शक हॅना आणि बार्बेरा, १९४६ सालचं ऑस्कर. टॉम कोट घालून पियानोवर बसतो, संगीतकार लिस्टची 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक दोन' ही रचना सुरू करतो. जेरी पियानोच्या आत झोपलेला. पुढचं सगळं भांडण त्या एकाच रचनेच्या तालावर चालतं. कुणी बोलत नाही, सूर कुठे थांबत नाही. टॉमची बोटं नीट बघा, ती पियानोवर खरंच वाजवतायत. आमच्या घरी आजीला इंग्रजीचा गंध नव्हता, तरी पदराने डोळे पुसत हसायची. तिला लिस्ट कोण हे कुणी सांगावं लागलं नाही.

दुपारची_गाडी

जोन्सच निवडायचा असेल तर 'डक अमक' घ्या, १९५३. डॅफी बदकाच्या मागचा देखावाच चित्रकार मध्येच बदलतो. शेतकरी झाला की खाली बर्फ, बर्फाचे कपडे घालून आला की हवाई बेट. आवाज काढून घेतात, रंग पुसतात, चौकट अंगावर कोसळते. एवढं सगळं होऊनही तो डॅफीच राहतो, एका क्षणात ओळखू येतो. पात्र म्हणजे नेमकं काय, हे यापेक्षा स्वच्छ कुणी दाखवलेलं नाही. बेक यांच्या यादीत हे दुसरं होतं, पहिलं असायला हवं होतं.

रानवाटा

सगळे हसवणाऱ्या कार्टूनबद्दलच बोलताय. छोट्या अ‍ॅनिमेशनमध्ये हसण्यापलीकडचंही आहे की.

युरी नॉर्स्टाइनचा 'टेल ऑफ टेल्स' बघा. सोव्हिएत रशिया, १९७९, अर्ध्या तासाच्या आतबाहेर. १९८४च्या लॉस एंजेलिसच्या निवडीत आणि २००२ साली झाग्रेबला जाणकारांनी त्यालाच सर्वश्रेष्ठ ठरवलं. म्हणजे मतदानाचा दाखला माझ्याकडेही आहे. कागदाचे कातरलेले तुकडे काचांच्या थरांवर ठेवून, कॅमेऱ्याखाली तसूतसूने हलवून केलेलं काम. चित्रं त्यांच्या पत्नी फ्रान्सेस्का यार्बुसोवा यांची.

त्यातला एकच प्रसंग सांगते. दिव्याखाली जोडपी टँगो नाचतायत. तबकडी अडकल्यासारखी सुरावट अडखळते, आणि दर अडखळीला एक पुरुष नाहीसा होतो. बाई तशीच उभी, हात अजून त्याच्या खांद्याच्या उंचीवर. मग पाठीला बंदुका लावलेल्या आकृत्या अंधारात निघून जातात आणि त्रिकोणी घडीची पत्रं वाऱ्यावर उडत येतात. युद्धात पत्रं तशीच घडी घालून येत. एक शब्द नाही, एक थेंब रक्त नाही.

@खारेदाणे, अभ्यास लागत नाही हीच कसोटी असेल, तर हा प्रसंग तुमच्या आजीलाही कळला असता.

माळरान

@रानवाटा, तो प्रसंग थोर आहे, त्यावर वाद नाही. पण अख्खा लघुपट आठवणींच्या तुकड्यांत फिरतो, त्यातलं लांडग्याचं पिल्लू कुठून कुठे जातं हे पहिल्या वेळी कुणालाच नीट लागत नाही. जोन्सला सहा-सात मिनिटांत पोरांना हसवायचं होतं, मोठ्यांना गुंतवायचं होतं आणि शेवटी सशाला मारून रडवायचंही होतं. तिन्ही साधलं. ते मला जास्त अवघड वाटतं.

@खारेदाणे, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाग्नरचं नावही ऐकलं नव्हतं. वेण्यावाला ससा तरीही आवडला.

पाटीपेन्सिल

सगळी चर्चा हॉलिवूड नाहीतर मॉस्को. विजया मुळे यांच्या १९७४च्या 'एक अनेक और एकता'चं नाव कुणीच कसं घेतलं नाही? भीमसैन यांचं अ‍ॅनिमेशन, वसंत देसाईंचं संगीत. दूरदर्शनवर वाढलेल्या दोन पिढ्यांना ते आजही तोंडपाठ आहे. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या चिमण्या कितीशा रेषांत काढल्यात, बघा. पैसा नसताना केलेलं काम आहे ते.

दुपारची_गाडी

@पाटीपेन्सिल, प्रेम मलाही आहे. पण ते शिकवण्यासाठी काढलेलं होतं आणि शिकवून थांबतं. त्यातल्या ताईच्या सांगण्यात शंका नाही, पात्रांत ओढाताण नाही. आठवण आणि श्रेष्ठता वेगळ्या तोलायला हव्यात.

पाटीपेन्सिल

शिकवणं हा कमीपणा कधीपासून झाला? एक आणि अनेक म्हणजे काय, हे पाच-सहा वर्षांच्या पोराला चित्रातून समजावणं सोपं वाटत असेल तर कागद घेऊन बसून बघा. आणि तुम्ही जो आठवणीचा मुद्दा काढताय तो टॉम-जेरीला का लागू नाही?

खारेदाणे

लागू आहेच, म्हणून काल रात्री 'कॅट कॉन्सर्टो' आवाज बंद करून पुन्हा पाहिलं. पियानो ऐकू येत नव्हता, तरी कुठली ओळ चाललीय ते टॉमच्या खांद्यांवरून कळत होतं. शेवटाकडे तो दमतो, बाह्या लोंबतात, केस विस्कटतात, आणि टाळ्यांच्या वेळी उजेड जेरीवर जातो. रानवाटांनी सांगितलेला टँगोही पाहिला. तो मनातून जात नाहीये. तरी माझं मत टॉमलाच.

रानवाटा

पाहिलात, त्याबद्दल आभार. आता नॉर्स्टाइनचाच १९७५चा 'हेजहॉग इन द फॉग' बघा, दहा मिनिटांचा आहे. त्यातलं धुकं पातळ कागदाचा थर चित्रावर वरखाली सरकवून केलंय. @माळरान, त्यात गोष्ट सरळ आहे. साळू मित्राकडे चहाला निघतो आणि वाटेत धुक्यात हरवतो. तुमचा तुकड्यांचा आक्षेप तिथे टिकत नाही, तेव्हा आता दुसरं कारण सांगा.