कंटाळा आला, मन खट्टू झालं, मग तुम्ही काय केलंत?

कंटाळा आणि निराशा आपण एकाच गाठोड्यात बांधतो, पण मला ती वेगळी वाटतात. कंटाळलेल्याला काहीतरी हवं असतं आणि काय हवंय तेच कळत नसतं. निराश माणसाला ते पक्कं ठाऊक असतं, फक्त मिळालेलं नसतं. त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. 'सकारात्मक विचार करा' एवढंच सांगणार असाल तर कृपया नको. प्रत्यक्षात काय केलंत ते लिहा, अर्धवट साधलेलंही चालेल.

*

बढती मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. यादी लागली, नाव नव्हतं. कोणाशी बोलायची इच्छा नव्हती म्हणून लिहायला बसले. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ च्या प्रयोगात लोकांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनात सलणारं लिहून काढलं होतं, तेच केलं. आधीच सांगते, लिहून उठल्यावर लगेच बरं वाटत नाही, उलट जास्तच रडू येतं. त्या प्रयोगातल्या लोकांचंही तसंच झालं होतं. पण हळूहळू माझ्या लिखाणात साहेब येईनासे झाले आणि 'हे काम मला मुळात आवडतं का?' हा प्रश्न यायला लागला. कागद फाडून टाकले. प्रश्न अजून आहे.

*

निवृत्तीनंतर दिवस संपता संपेना. पुस्तकं, टीव्ही, फेरफटका, सगळं करून झालं. मग रात्री आकाश बघायला लागलो. नुसतं बघून पुन्हा कंटाळाच आला असता, पण कळलं की काही ताऱ्यांचं तेज बदलतं आणि ते नुसत्या डोळ्यांनी नोंदवता येतं. २०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी हा तारा मंदावू लागला, २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तर ओळखू येण्याइतका फिका पडला. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची, वहीत आकडा लिहायचा, एवढंच काम. अशा हौशी नोंदी गोळा करणारी एक अमेरिकन संस्था १९११ पासून चालू आहे. आपली नोंद कोणाच्या तरी उपयोगी पडते, याची मला फार गरज होती. नुसत्या छंदाने माझं भागलं नसतं.

*

निवड थोडक्यात हुकली की 'इथवर आलास हेही काही कमी नाही' असं लोक म्हणतात. १९९२ च्या ऑलिंपिकच्या चित्रफिती वापरून केलेल्या एका अभ्यासात रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसले होते. एकाला हुकलेलं सोनं दिसतं, दुसऱ्याला टळलेलं रिकाम्या हाताने परतणं. मला ते पटलं, उपयोगही झाला. फक्त ते स्वतःचं स्वतःला सांगावं, दुसऱ्याने ऐकवलं की डोकं फिरतं.

*

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे घर सोडता येत नाही. कंटाळा आणि निराशा वेगळी करायला मला तरी जमत नाही, माफ करा! मी शब्दकोडी सोडवायचे, तीही सरावाची झाली. आता कोडी बनवते. आडवा शब्द बसला की उभा बिघडतो, त्यात डोकं असं गुंततं की औषधाची वेळ गजर लावून पाळावी लागते. सासूबाई सूचक वाक्यं सुचवतात, बहुतेक खवचट असतात.

*

'फोन ठेवा आणि नुसते बसा' असं सांगणाऱ्यांसाठी: २०१४ च्या एका प्रयोगात माणसांना १५ मिनिटं एकटं बसवलं, सोबत फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी स्वतःला झटका देऊन घेतला. मीही त्यांच्यातलाच. मला हाताला काम लागतं, जुन्या सायकली खोलून जोडतो.

*

मी समुपदेशनाचं काम करते. वर बऱ्याच जणांनी नकळत एकच गोष्ट केली आहे: मूड येण्याची वाट न बघता आधी काम धरलं. नैराश्यावर याच तत्त्वाची उपचारपद्धती आहे. छोटं काम, ठरलेली वेळ, इच्छा असो वा नसो. मात्र उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, झोप-भूक बिघडली, तर छंदावर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

*

तारे बघणारे काका, लहान मुलीसोबत सुरुवात करायची आहे. काक्षी फार सावकाश बदलतो, ती कंटाळेल. लवकर बदलणारा एखादा सांगा ना.

*

ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा बघा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याच्यापुढे त्याचा मंद जोडीदार येतो आणि तेज साधारण एक तृतीयांशावर उतरतं. उतरून पुन्हा चढायला दहाएक तास. आजची मंदावण्याची वेळ पहाटेची निघाली तर मुलीला उठवू नका. दर खेपेला ती तीनेक तास अलीकडे सरकते, दोन-तीन खेपांनी झोपायच्या आधीच दिसेल.