शब्दचर्चा : रिलीफ पिचर, 'आवाका' आणि लीगची सरासरी

प्रश्न : बेसबॉलमधल्या रिलीफ पिचरच्या क्षेत्ररक्षणाचा तक्ता मराठीत आणायचा आहे. रकाने असे : पुटआउट, असिस्ट, एरर, फिल्डिंग परसेंटेज, रेंज फॅक्टर आणि शेजारी लीगचे आकडे. 'बदली गोलंदाजाची क्षेत्ररक्षण टक्केवारी आणि साखळी सरासरी' हे शीर्षक चालेल का?

उत्तर : 'बदली' नको. क्रिकेटमुळे बदली खेळाडू म्हणजे जायबंदी झालेल्याच्या जागी आलेला, असं डोक्यात बसलेलं आहे. रिलीफ पिचर संघातला कायमचा माणूस. सामना चालू असताना आधीच्या पिचरकडून चेंडू घेणं हेच त्याचं नेमून दिलेलं काम. न्यूयॉर्क यँकीजचा रिलीफ पिचर मारियानो रिव्हेरा १,११५ सामन्यांत खेळला आणि ६५२ सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद) त्याच्या नावावर आहेत. त्याला बदली कसं म्हणणार? 'रिलीफ पिचर' तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखात एका वाक्याचा खुलासा द्या.

'साखळी'ही काढा. वाचकाला बाद फेरीआधीचे साखळी सामने आठवतील. 'लीगमधल्या पिचरांची सरासरी' असं पूर्ण लिहा. 'पिचरांची' हा शब्द गाळलात तर तुलनाच चुकेल. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) सगळ्या जागांचे खेळाडू धरले तर फिल्डिंग परसेंटेजचा आकडा .९८५च्या आसपास जातो, पण पिचरांचा त्याहून बराच खाली, .९५०च्या आसपास असतो. बंटचा, म्हणजे फलंदाजाने बॅट न फिरवता हळूच ढकललेला, चेंडू उचलून तोल सावरायच्या आत फेकायचा, म्हणून त्यांच्या हातून चुका जास्त होतात.

प्रतिप्रश्न : मग 'टक्केवारी' तरी बरोबर आहे ना?

उत्तर : छापताना .९३३ असं छापतात, म्हणून 'प्रमाण' बरं. सूत्र सोपं आहे : पुटआउट अधिक असिस्ट, भागिले पुटआउट अधिक असिस्ट अधिक एरर. समजा ५ पुटआउट, ९ असिस्ट, १ एरर. १४ भागिले १५, म्हणजे .९३३. लीगच्या .९५०पेक्षा कमी दिसतं, पण १५ संधींत सरासरी पिचरच्याही पाऊण चुका होतातच. ती एक चूक झाली नसती तर आकडा १.००० झाला असता. रिलीफ पिचरच्या वाट्याला एका मोसमात इतक्या थोड्या संधी येतात की एकाच मोसमाच्या प्रमाणावरून 'गचाळ क्षेत्ररक्षक' असा शिक्का मारू नये.

पुटआउटला 'बाद' आणि असिस्टला 'साहाय्य' चालेल, पण तळटीप हवी. पिचरने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला तर साहाय्य पिचरचं, बाद पहिल्या बेसवाल्याच्या नावावर. पिचर स्वतः धावत जाऊन पहिला बेस सांभाळतो तेव्हा उलटं. स्ट्राइकआउटमधलं (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद) बाद मात्र कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसणाऱ्याच्या, खात्यात जातं.

दुसरं उत्तर : 'एरर'ला 'चूक' म्हणा, पण 'अधिकृत चूक'. साधारण प्रयत्नाने जमायला हवं होतं ते जमलं नाही, तरच स्कोअरर ती लावतो. वाइल्ड पिच, म्हणजे पिचरने कॅचरच्या आवाक्याबाहेर टाकलेला चेंडू, यात धरत नाहीत. आणि चेंडूपर्यंत जो पोचलाच नाही, त्याला चूक लागत नाही! म्हणून तर रेंज फॅक्टर लागतो. त्याला 'टप्पा' म्हणू नका, क्रिकेटमध्ये तो चेंडू पडण्याशी जोडलेला आहे. 'पल्ला' ऐकून फेकीचं अंतर वाटतं. 'आवाका' नेमका बसतो : बाद अधिक साहाय्य, गुणिले ९, भागिले टाकलेले डाव.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. तक्त्यात २०.२ डाव म्हणजे २० पूर्णांक दोन तृतीयांश, कारण डावात तीन बाद असतात आणि .२ म्हणजे त्यातले दोन. कॅल्क्युलेटरवर २०.२ तसंच टाकलं की आवाका फुगतो : ४ बाद-साहाय्यांचा खरा आवाका १.७४, चुकीचा १.७८. दुसरं, 'दर सामन्यामागे आवाका' हा रकाना रिलीफ पिचरला लावू नका. रिव्हेराचे डाव १,२८३.२, म्हणजे सामन्यामागे जेमतेम एकाहून थोडे जास्त. सामन्याची सुरुवात करून पाच-सहा डाव टाकणाऱ्यांशी त्या रकान्यात तुलना केली की तो विनाकारण आळशी ठरतो.

प्रतिप्रश्न : आवाका कमी म्हणजे क्षेत्ररक्षण कच्चं, असं तळटीपेत लिहू का?

उत्तर : नको. भरपूर स्ट्राइकआउट काढणाऱ्याकडे जमिनीवरून चेंडू येतातच कमी. उंच फटके देणाऱ्याचंही तेच. 'पिचरकडे आलेलं काम' असं लिहा. शिवाय 'फक्त नियमित मोसम' हेही नोंदवा. २००१च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगची अंतिम मालिका) सातव्या सामन्यात, नवव्या डावात, बंट उचलून रिव्हेराने दुसऱ्या बेसकडे केलेली फेक चुकली. ती चूक या तक्त्यात सापडणार नाही, कारण प्लेऑफचे, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या सामन्यांचे, आकडे वेगळे ठेवतात.