सांगलीत पॉइन्सेटिया लाल का होईना? आणि हे झाड नाताळाचं झालं कसं?

गच्ची_विश्रामबाग
दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बारा इंची कुंडी, झाड साडेतीन फूट, पानं गर्द हिरवी. दर पंधरवड्याला चिमूटभर युरिया. डिसेंबर अर्धा सरला तरी लाल एकही पान नाही. हे झाड मूळचं बेथलेहेमकडचं का?

कृष्णाकाठ
समोर रस्त्यावरचा दिवा आहे का? बहुधा तिथंच अडलंय. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच. खरी फुलं मधल्या बारीक पिवळ्या वाट्यांत. पानांना रंग चढायला सलग लांब रात्र लागते. अंधाऱ्या परसात आपल्याकडे हे ऑक्टोबरपासून आपोआप जमतं. दिव्याखाली झाडाला रात्र झालेलीच कळत नाही.

१ ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी ५ ते सकाळी ८ झाडावर दुहेरी काळं कापड किंवा खोका घाला. आठ आठवडे, एकही दिवस न चुकवता. मध्येच बाल्कनीतला बल्ब लावला तरी रंग लांबतो. दिवसा मात्र पाच-सहा तास ऊन हवंच. आज सुरू केलंत तर फेब्रुवारीच्या मध्यावर लाल होईल. युरिया थांबवा, त्यानं नुसता पाला वाढतो.

सातारा_परसबाग
बेथलेहेमचा संबंध नाही, झाड मेक्सिकोचं. तिथले जुने रहिवासी अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या लाल पानांपासून रंग काढत. पुढे ख्रिस्ती धर्म तिथं पोचला, झाड नेमकं डिसेंबरात रंगतं म्हणून नाताळाशी जोडलं गेलं. तिथं आजही त्याला ‘नाताळच्या आदल्या रात्रीचं फूल’ म्हणतात. इंग्रजी नाव जोएल पॉइन्सेट यांच्यावरून. हे अमेरिकेचे मेक्सिकोतले पहिले राजदूत. १८२८च्या सुमारास त्यांनी रोपं साउथ कॅरोलिनाला धाडली. म्हणजे लांब रात्र मिळाली की डिसेंबरात रंगायची ही सवयच नाताळाच्या प्रथेचं मूळ आहे.

गच्ची_विश्रामबाग
दिवा अगदी समोरच आहे! छाटणी कधी करू?

कृष्णाकाठ
रंग उतरला की मार्चमध्ये, जमिनीपासून वीतभर ठेवून. शेंडे ऑगस्टअखेरपर्यंतच खुडा. नंतर खुडलेत तर ज्या टोकांवर लाल पानं यायची तीच जातात. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून माती, वाळू, शेणखत समान घ्या. फांदी कापली की शेरासारखा पांढरा चीक येतो. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.