मदत हवी आहे: चेर्ताल्दो (इटली), आईबाबा, दोन मोठ्या बॅगा आणि कांदा

निफाडकर_परदेशी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईबाबा पहिल्यांदाच माझ्याकडे श्टुटगार्टला येताहेत. त्यांना आठ दिवस इटली दाखवायचा बेत आहे. फ्लॉरेन्सला चार रात्री, मग दोन सिएनाला, दोन रोमला. हॉटेलं, मोठ्या गाड्यांची तिकिटं झाली आहेत. गाडं अडलंय ते एका गावापाशी.

फ्लॉरेन्सहून सिएनाला जाणाऱ्या रेल्वेवर पोज्जीबोन्सीच्या अलीकडे चेर्ताल्दो नावाचं स्टेशन लागतं. खाली नवं गाव, वर टेकडीवर लाल विटांचं जुनं गाव. माझ्याकडच्या प्रवासाच्या पुस्तकात त्याला अर्धं पान दिलंय आणि त्यातही निम्मा मजकूर 'इथून सान जिमिन्यानोला कसं जायचं' याचाच.

बाबांना मात्र इटलीत दुसरं काहीच बघायचं नाही. आमचं घर निफाड तालुक्यातलं, तीन पिढ्या कांदा. मी सहज म्हणून त्यांना या गावाचं मानचिन्ह दाखवलं. ढालीवर चक्क कांदा! बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "लासलगावनं हे करायला पायजे होतं." तेव्हापासून रोज फोनवर 'ते कांद्याचं गाव' सुरू आहे.

तर प्रश्न असे. फ्लॉरेन्स ते सिएना जायच्या दिवशी वाटेत उतरून चार-पाच तास काढता येतील का? बरोबर दोन मोठ्या बॅगा असतील, त्यांचं काय करायचं? बाबांचा उजवा गुडघा बदललेला आहे. सपाटीवर तासभर चालतात, चढ नको. आणि आईचा चातुर्मास आहे, म्हणजे कांदा-लसूण बंद. (हो, कांदा पिकवणाऱ्या घरात चार महिने कांदा न खाणारी बाई आहे. यावर घरात चाळीस वर्षं विनोद करून झालेत, नवीन असल्यास सांगा.) तिला तिथे काय खायला मिळेल?

बायकोचं म्हणणं, कांदा बघायला इटलीत कशाला, सरळ सान जिमिन्यानोला जाऊ. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

खुसपट

वहिनींना माझं मत. सान जिमिन्यानोचे मनोरे, जागतिक वारसा, सगळं सोडून कांदा? परत कधी जाणार आहात?

---

सुमा_भटकी

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. आधी बॅगांचं बोलते, कारण तिथेच सगळं फसतं. चेर्ताल्दोचं स्टेशन छोटं आहे, सामान ठेवायची सोय नाही. वरच्या गावात विटांची फरसबंदी आहे. तिथून चाकाच्या बॅगा ओढत फिरलात तर दोन तासांत एकमेकांशी बोलणं बंद होईल. आमचं झालं होतं.

त्यामुळे वाटेत उतरू नका. सकाळी सरळ सिएनाला जा, हॉटेलात बॅगा टाका (खोली मिळाली नाही तरी बॅगा ठेवून घेतात) आणि उलट्या गाडीने चेर्ताल्दोला या. पाऊण तासाच्या आत पोचता. नाहीतर फ्लॉरेन्सच्या चार दिवसांतला एक द्या. तिथून साधारण तासभर लागतो. काही गाड्या थेट आहेत, काहींना एम्पोलीला बदलावं लागतं. आईबाबांसाठी थेटच बघा. या प्रादेशिक गाड्यांना आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं, आधी काढून ठेवायची गरज नाही. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका. आमच्यासमोर एका जोडप्याला दंड झाला. बिचारे तिकीट हातात घेऊन उभे होते.

गुडघ्याची काळजी नको. स्टेशनातून बाहेर आलं की पाचेक मिनिटांवर बोकाच्चो या जुन्या इटालियन लेखकाच्या पुतळ्याचा चौक आहे. त्या चौकातूनच वर जाणारी रुळावरची छोटी गाडी सुटते. दोनच मिनिटांचा प्रवास, पण बाबांना तीच जास्त आवडेल बघा. वर मुख्य रस्ता एकच. तो थोडा चढत जातो, पण दम लागावा असा नाही.

@खुसपट, सान जिमिन्यानोला रेल्वे नाही. पोज्जीबोन्सीला उतरून बस धरायची, वर गेल्यावर गर्दीत चढ चढायचा. बदललेल्या गुडघ्याला? मनोरे काय, चेर्ताल्दोच्या तटावरूनही दिसतात. लांबून जास्त छान दिसतात, हे माझं वैयक्तिक मत.

---

बोलोन्याचा_बाळू

सुमाताईंना +१. इथे सात वर्षं राहतोय म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

वेळ. लहान गावात दुपारी एक ते चार सगळं झोपलेलं असतं. दुकानं बंद आणि रस्त्यात फक्त मांजरं. जेवण साडेबारा ते अडीच. अडीचनंतर स्वयंपाकघर बंद झालं की संध्याकाळी साडेसातपर्यंत पाव आणि आइस्क्रीमवर राहा. आपल्याकडची माणसं 'आधी फिरू, मग निवांत जेवू' म्हणतात आणि उपाशी राहतात. तुम्ही अकराच्या सुमाराला पोचा, थोडं बघा, साडेबाराला टेबल धरा, उरलेलं नंतर. बाबांना कांदा विकत घ्यायचा असेल तर तो वर शोधू नका. वर घरं, खानावळी आणि वस्तुसंग्रहालयं. भाजीचं दुकान खालच्या गावात, तेही एकच्या आत किंवा चारनंतर.

संप. इटलीत रेल्वेचा संप ही ऋतूसारखी गोष्ट आहे, पण तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही सोडाव्या लागतात. आदल्या रात्री एकदा बघून घ्या.

काकूंच्या जेवणाचं जरा अवघड आहे, खोटं कशाला सांगू. तोस्कानाची (चेर्ताल्दो याच प्रांतात) शाकाहारी म्हणून जी नावं सांगतात त्यात रिबोलीता म्हणजे शिळ्या पावाचं भाजीचं सूप, त्यात कांदा. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो आणि पावाचं सूप, त्यात लसूण. पीची हे जाड हाताने वळलेले पास्ते, ते 'आल्योने'मध्ये मागवले तर तो लसणाचाच रस्सा. टोमॅटोच्या साध्या रश्शातही तळाला कांदा परतलेला असतो. पीची 'काचो ए पेपे' सांगा, नुसतं चीज आणि मिरी. पण त्यातल्या पेकोरीनो चीजमध्ये बहुतेक वेळा जनावराचं रेनेट (वासरा-कोकराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं, चालतं का ते काकूंना आधीच विचारा. नाहीतर भाजलेल्या भाज्या, टोमॅटो, पाव आणि ऑलिव्हचं तेल. 'सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो', म्हणजे कांद्याशिवाय, लसणाशिवाय, एवढं पाठ करून ठेवा. कांद्याच्या गावात जाऊन 'सेन्त्सा चिपोल्ला' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच असतील!

---

जुनं_पान

खुसपटरावांसाठी लिहितो. कांदा सोडला तरी या गावात बघण्यासारखं आहे, आणि खरं तर कांदा सुटतच नाही.

'देकामेरॉन' लिहिणारा बोकाच्चो शेवटची वर्षं इथे राहिला आणि २१ डिसेंबर १३७५ रोजी इथेच वारला. १३४८ च्या प्लेगमध्ये फ्लॉरेन्स सोडून गेलेली दहा तरुण माणसं दहा दिवस गोष्टी सांगतात, तो ग्रंथ. त्यातल्या सहाव्या दिवसाची शेवटची गोष्ट याच चेर्ताल्दोत घडते. नायक फ्राते चिपोल्ला, म्हणजे सरळ मराठीत कांदाबुवा. बोकाच्चो तिथेच सांगून टाकतो की या मातीतले कांदे साऱ्या तोस्कानात नावाजलेले. म्हणजे तुमच्या बाबांच्या कांद्याला पावणेसातशे वर्षांचा लेखी पुरावा आहे.

हा बुवा दरवर्षी दक्षिणा गोळा करायला गावात येतो. लोकांना सांगतो, आज मी तुम्हाला गॅब्रिएल देवदूताचं पीस दाखवणार. असतं ते पोपटाचं. गावातली दोन टारगट पोरं पेटीतलं पीस काढून कोळसे भरून ठेवतात. भर गर्दीत बुवा पेटी उघडतो तर कोळसे! दुसरा कोणी असता तर पळाला असता. हा आकाशाकडे हात जोडतो, आपण कुठकुठल्या देशांत फिरलो याचं लांबलचक पुराण लावतो आणि शेवटी सांगतो, ज्या कोळशांवर संत लॉरेन्सला भाजलं तेच हे, देवानेच आज ही पेटी माझ्या हातात दिली. लोक रांग लावून अंगावर कोळशाच्या फुल्या काढून घेतात, दक्षिणा नेहमीपेक्षा जास्त जमते. आणि ती दोन पोरं हसून हसून बेजार होऊन त्याचं पीस परत करतात. असले बुवा आपल्याला नवीन नाहीत, म्हणून गोष्ट परकी वाटत नाही.

वरच्या गावात बोकाच्चोचं म्हणून जे घर दाखवतात ते १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पडलं, नंतर पुन्हा उभारलं. मनोऱ्यावर चढता येतं, पण बाबांनी खालीच थांबावं. सान याकोपो ए फिलिप्पोच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. जुनी अठराव्या शतकात उखडली गेली, जमिनीतली आत्ताची शिळा विसाव्या शतकातली. त्याच चर्चमध्ये ज्यूलिया नावाच्या साध्वीचे अवशेष आहेत. ही बोकाच्चोच्याच काळातली. चर्चला लागून असलेल्या खोलीत तिने स्वतःला चिणून घेतलं आणि तीस वर्षं तिथे राहिली, लोक खिडकीतून अन्न देत. एकाच गावात, एकाच काळात तो आणि ती! मला हे चर्च गावातलं सगळ्यात विलक्षण ठिकाण वाटतं.

रस्त्याच्या वरच्या टोकाला पालात्सो प्रेतोरिओ, म्हणजे कारभाऱ्याचा वाडा. फ्लॉरेन्सहून नेमून येणारा प्रत्येक अधिकारी जाताना आपल्या घराण्याचं चिन्ह भिंतीवर लावून गेला, काही दगडी, काही रंगीत चकाकत्या मातीची. आत जुन्या कोठड्या आहेत. सगळं मिळून तीन तासांत आरामात होतं.

---

निफाडकर_परदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला कांदाबुवाची गोष्ट वाचून दाखवली, एक मत फिरलं. सुमाताई म्हणतात तसं बॅगा सिएनाला टाकून येणार. आईला रेनेट चालत नाही, तेव्हा चीज बाद.

आता एक नाजूक प्रश्न. बाबा दोन कांदे आणि जमलं तर बी भारतात न्यायचं म्हणताहेत. 'मोज्यात घातलं तर कोण बघतंय' असं त्यांचं धोरण आहे. सप्टेंबरात तिथे कुठला कांदा असेल?

---

बांधावरचा_माणूस

शेतीखात्याशी संबंध आला आहे म्हणून स्पष्ट सांगतो, नेऊ नका. परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय बी किंवा लागवडीचा माल भारतात आणता येत नाही. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे. विमानतळावर जप्त होईल ही किरकोळ गोष्ट झाली. न दिसणारा एखादा रोग मोज्यातून थेट निफाडच्या वावरात उतरला तर? बाबांना एवढंच सांगा, ते स्वतःच थांबतील.

चेर्ताल्दोत दोन जाती आहेत. स्तातीना गोल, जांभळट, रसाळ, उन्हाळ्यात ताजा खायचा. वेर्निना गडद लाल आणि तिखट, ऑगस्टअखेर सुरू होऊन हिवाळाभर चालतो. तुम्हाला वेर्निना मिळेल. बाबांना म्हणावं, पोळ, रांगडा आणि उन्हाळ या आपल्या हंगामी कांद्यांसारखी भांडणं तिकडेही आहेत.

---

निफाडकर_परदेशी

जाऊन आलो. नंतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

सिएनाला बॅगा टाकण्यात अंदाजापेक्षा जास्त वेळ गेला. स्टेशन खाली, शहर वर. सरकत्या जिन्यांची मोठी रांग आहे, ती स्टेशनासमोरच्या दुकानांच्या इमारतीतून सुरू होते. ते कळेपर्यंत अर्धा तास गेला. चेर्ताल्दोला पोचायला सव्वाबारा वाजले. बाळूभाऊंचं ऐकून आधी टेबल धरलं. आईने 'सेन्त्सा चिपोल्ला' म्हटल्यावर वाढणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला, मग हसल्या. आईला भाजलेल्या भाज्या, टोमॅटो, पाव आणि तेल मिळालं. तोस्कानाच्या पावात मीठच नसतं हे आम्हाला माहीत नव्हतं. "बिचारीचं मीठ राहिलं वाटतं," असं आई मला हळूच म्हणाली, बाईंचं मन दुखू नये म्हणून. बाबांनी कांद्याचं सूप दोनदा मागवलं.

वर फार तर तीस-चाळीस पर्यटक असतील. बाबा पालात्सोच्या भिंतीवरच्या चिन्हांत कांदा शोधत राहिले. आई चर्चमधून हलेचना. ज्यूलियाची गोष्ट ऐकून तिने विचारलं, "तीस वर्षं रोज कोण देत असेल रे हिला?" जुनं_पान, याचं उत्तर तुम्हीच द्या.

कांदा मिळाला तो सव्वाचारला, खालच्या गावात. बाबांनी तीन घेतले. बोकाच्चोच्या पुतळ्यासमोर बाकावर रुमाल पसरला आणि मी नको नको म्हणत असताना एकाला बुक्की मारली. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी मान डोलावली. बाबांनी त्यांना एक पाकळी दिली. दहा मिनिटं दोघं बोलत होते, कुठल्या भाषेत ते मला विचारू नका. बाबांचा निकाल: तिखट आहे, रंग चांगला, कांदाचाळीत टिकेल.

उरलेले दोन श्टुटगार्टला आणले आणि इथेच संपवले. फोटो मात्र बाबांनी गावच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत बावीस उत्तरं आली आणि सगळ्यांत एकच प्रश्न: भाव काय?