आदल्या रात्री लावून ठेवलेलं अंडं-सॉसेज कॅसरोल : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, ब्रंचला माणसं बोलवायची आणि यजमानाने गॅसपुढे उभं राहून एकेकाचं ऑम्लेट काढायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा शेवटच्याचं अजून तव्यावर असतं. अंडं, सॉसेज, ब्रेड आणि चीज एकाच डिशमध्ये रात्री रचून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचं, म्हणजेच कॅसरोल करायचं, हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे असं माझं ठाम मत आहे. तुम्ही हे कसं करता, काय घालता, काय टाळता, ते सविस्तर ऐकायला आवडेल. सुरुवात मी करते.

९ बाय १३ इंची डिशसाठी माझं प्रमाण असं: ४५० ग्रॅम सॉसेज, ८ मोठी अंडी, जेमतेम अर्धा लिटर दूध, इंचभर आकाराचे ब्रेडचे तुकडे ६ कप, किसलेलं चेडार २ कप, मोहरीची पूड अर्धा चमचा, मिरपूड आणि अगदी बेताचं मीठ. डिशला लोणी लावून आधी ब्रेड, त्यावर परतलेलं सॉसेज आणि निम्मं चीज, मग फेटलेलं अंडं-दूध ओतायचं आणि उरलेलं चीज वर. सकाळी १८० अंशांवर पहिला अर्धा तास फॉइलखाली, नंतर वीस-पंचवीस मिनिटं उघडं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर वडी सुटत नाही.

या पदार्थाचं जे काही भलंबुरं व्हायचं ते रात्रीच ठरतं, आणि ते ठरतं पाण्यावर. ब्रेडमध्ये किती, भाजीत किती, सॉसेजमधून किती सुटलं. अंड्याला एवढंच पाणी धरता येतं, बाकीचं ते बाहेर टाकतं. डिशच्या तळाशी जे पिवळसर पाणी साठलेलं दिसतं ते हेच. तेव्हा अनुभव लिहिताना पाण्याचा बंदोबस्त कसा करता ते जरूर लिहा.

*

सॉसेजवर मी लिहितो, कारण त्यावर घाई केलेली मला बघवत नाही.

कच्चं सॉसेज घेतलं तर वरचं आवरण सुरीने उभं चिरून काढून टाकायचं आणि आतलं मांस मोकळं करून कढईत घालायचं. मोठी कढई घ्या, गर्दी झाली की मांस स्वतःच्या पाण्यात शिजतं. सुरुवातीला ते करडं दिसतं आणि नुसतं बुडबुडत राहतं. उलथन्याने फोडत राहा. काही मिनिटांनी आवाज बदलतो, बुडबुड थांबून चर्र चर्र सुरू होतं. पाणी आटलं आणि आता मांस चरबीत भाजलं जातंय, याची ती खूण. बहुतेक लोक याच्या आधीच गॅस बंद करतात. इथून पुढे अजून चार-पाच मिनिटं द्या, कडा तपकिरी होऊ द्या, तळाला चिकटलेलं खरवडून घ्या. कॅसरोलची सगळी चव त्या खरवडीत असते.

मग झाऱ्याने काढून कागदावर निथळवायचं. चरबी तशीच गेली तर फ्रीजमध्ये थिजते आणि भाजताना वर तेलाचा तवंग येतो. गरम सॉसेज अंड्याच्या मिश्रणात अजिबात टाकू नये, पूर्ण गार होऊ द्यावं. आणि कच्चं मांस अंड्यात तसंच घालून 'ओव्हनमध्ये शिजेलच की' असं म्हणणाऱ्यांनी कृपया तसं करू नये. त्याचं पाणी आणि चरबी दोन्ही आतच सुटतात, शिवाय मधल्या भागातलं मांस शिजलं की नाही ते बाहेरून कळत नाही.

मीठ: सॉसेज खारट, चीज खारट. अंड्याचं मिश्रण कच्चं चाखता येत नाही, म्हणून मी परतलेल्या सॉसेजचा तुकडा चाखतो आणि त्यावरून ठरवतो. बऱ्याचदा वेगळं मीठ लागतच नाही.

*

चिकन सॉसेज वापरणाऱ्यांसाठी थोडंसं. चरबी कमी असते, त्यामुळे कढईत चमचाभर तेल घालावं लागतं, आणि निथळवायला फारसं काही नसतं. ते आतून ७४ अंशांपर्यंत शिजायला हवं, डुकराच्या मांसाला ७१ पुरतात. आधीच शिजवलेलं स्मोक्ड सॉसेज असेल तर गोल चकत्या करून दोन्ही बाजू खरपूस करायच्या. न भाजता घातलेल्या चकत्या कॅसरोलमध्ये रबरी लागतात.

*

ब्रेड शिळा घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला वाटतं सांगायचं असतं 'कोरडा घ्या', आणि दोन्हींत फरक आहे. शिळा ब्रेड कडक होतो तो मुख्यतः आतल्या स्टार्चची रचना बदलल्यामुळे, त्यातलं पाणी बरंचसं आतच असतं. ओव्हनमध्ये १५० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवलेल्या ब्रेडमधून पाणी खरोखर निघून जातं आणि तेवढी जागा अंडं-दूध घेतं. एकाच पावाचे अर्धे तुकडे शिळे आणि अर्धे ओव्हनमध्ये सुकवलेले, अशा दोन छोट्या डिश शेजारी शेजारी लावून बघा. सुकवलेल्या ब्रेडची वडी कापली की आत एकसारखी मऊ दिसते, शिळ्याची कुठे कोरडी, कुठे ओली.

जाड सालीचा, जाळीदार ब्रेड उत्तम. मऊ सँडविच ब्रेड चालतो, पण त्याला सुकवणं अपरिहार्य, नाहीतर सकाळपर्यंत लगदा. साल काढू नका, वडीला अंग त्यामुळे येतं.

मिश्रण ओतल्यावर मी दहा मिनिटं थांबते आणि मग उलथन्याच्या पाठीने सगळ्या ब्रेडवर हलका दाब देते. वर तरंगणारे तुकडे एकदा खाली जाऊन भिजायला हवेत. नंतर पृष्ठभागाला टेकेल अशी प्लास्टिकची फिल्म लावून फ्रीजमध्ये. (सकाळी ती फिल्म काढायला विसरू नका. फॉइल वरून लावलं की खालची फिल्म दिसत नाही.) रात्रभर मुरणं सर्वांत चांगलं, पण वेळच नसेल तर तासभरही काम भागवतो.

*

ताई, दोन दिवस आधी लावून ठेवलं तर? शनिवारचा ब्रंच आणि शुक्रवारी रात्री मी उशिरा घरी पोचणार आहे.

*

धागाकर्ती उत्तर देते: पूर्ण रचलेली, कच्च्या अंड्याची डिश २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि फ्रीज ४ अंश किंवा त्याखाली असू द्या. पण सुटी तयारी दोन दिवस आधी आरामात होते. सॉसेज परतून, गार करून डब्यात फ्रीजमध्ये, ब्रेड सुकवून बंद डब्यात बाहेर, चीज किसून. मग शुक्रवारी कितीही उशीर झाला तरी अंडी फेटून ओतायला दहा मिनिटं पुरतात.

*

भाज्या घालणाऱ्यांच्या वतीने मी लिहिते. भाजीवर माझा जीव आहे, आणि कॅसरोलमध्ये भाज्या छान लागतात, फक्त कच्च्या घालू नका.

मशरूमचं उदाहरण घ्या. वजनाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग पाणी. चकत्या कोरड्या कढईत मोठ्या आचेवर टाका, मीठ घालू नका. आधी काहीच होत नाही, मग एकदम कढईभर पाणी सुटतं. ते आटेपर्यंत थांबायचं, चकत्या आकसून निम्म्या होतात, तेव्हा लोणी घालायचं आणि कडा तांबूस होऊ द्यायच्या. एवढं पाणी रात्रभर अंड्यात झिरपलं असतं, हे डोळ्यांनी दिसतं. पालक असाच: परतायचा, गार करायचा, आणि मुठीत धरून पिळायचा. पिळलेल्या पालकाचा गोळा कोरडा वाटला तरी पुन्हा एकदा पिळा. कांदा आणि ढोबळी मिरची मऊ होईपर्यंत परतली की पुरे.

टोमॅटो मी आत घालतच नाही. चकत्या वरून, शेवटच्या वीस मिनिटांत, फॉइल काढल्यावर.

*

आमच्या घरात एकाला गहू चालत नाही, म्हणून ब्रेडच्या जागी बटाटा. यात काही गोष्टी वेगळ्या होतात.

बटाटा ब्रेडसारखं दूध पीत नाही. दूध निम्म्यावर आणावं लागतं, ८ अंड्यांना पाऊण ते एक कप. कच्चा किसलेला बटाटा रात्रभर ठेवला की हवेने काळपट पडतो आणि पाणीही सोडतो, म्हणून मी उकडून, गार करून, चौकोनी तुकडे थोड्या तेलात खरपूस करून घेतो. फ्रोझन किसलेला बटाटा घेतला तर आधी पूर्ण वितळू द्यायचा आणि फडक्यात घट्ट पिळायचा. डिशच्या तळाला त्याचा थर दाबून, २०० अंशांवर वीसेक मिनिटं एकटाच भाजून गार केला की खाली कुरकुरीत बैठक तयार होते. सकाळपर्यंत कुरकुरीतपणा बराच कमी होतो हे खरं, पण चव राहते. सॉसेजच्या पाकिटावरची घटकांची यादीही वाचा, काहींत ब्रेडचा चुरा असतो.

*

डिशबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

काचेची डिश फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका. अचानक बदललेल्या तापमानाने काच तडकू शकते. मी ओव्हन लावतो तेव्हाच डिश फ्रीजमधून काढून लाकडी पाटावर ठेवतो, ओव्हन तापेपर्यंत तिचा गारठा उतरतो. खोलीच्या तापमानाला एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायची नाही, एवढं पाळलं की झालं. धातूच्या ट्रेला ही भीती नाही, तो लवकर तापतो आणि कडा चांगल्या भाजतो. फक्त कोटिंग नसलेला ॲल्युमिनियमचा ट्रे असेल आणि टोमॅटो घालणार असाल तर रात्रभर त्यात ठेवू नका, आंबटपणाने धातूची चव उतरते.

*

आम्ही मोठ्या मेळाव्यांसाठी एकदम बरंच करतो. त्यातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत.

दुप्पट माणसं म्हणजे दोन डिश, दुप्पट खोल एक डिश नव्हे. खोल डिशमध्ये कडा वातड होईपर्यंत मध्य कच्चाच राहतो. दोन डिश एकावेळी ओव्हनमध्ये असतील तर अर्ध्या वेळात वरची खाली, खालची वर करायची, आणि वेळही दहा-पंधरा मिनिटं जास्त धरायचा.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, चीज फार आधी तांबूस होतं. थर्मामीटर मध्यभागी टोचा. ७१ अंशांना अंडं खायला सुरक्षित होतं, सॉसेजही आत असल्यामुळे आम्ही ७४ पर्यंत नेतो आणि लगेच बाहेर काढतो. त्याहून फार पुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळत जातात आणि धरलेलं पाणी सोडतात; वडी पिळलेल्या स्पंजासारखी होते. थर्मामीटर नसेल तर मधे सुरी घालून बघा, दुधाळ रस यायला नको. डिश हलवल्यावर मध्य किंचित थरथरला तर चालेल, लाट यायला नको.

वाढेपर्यंत गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर ठेवावं लागतं, पण तासन्‌तास नको. जास्त वेळ गरम राहिलं की अंड्याला हिरवट छटा येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांच्या संयोगाने ती येते. खायला धोका नसतो, पण पानात वाढल्यावर लोक काटा बाजूला ठेवतात. म्हणून आम्ही एक डिश अर्ध्या तासाने उशिरा ओव्हनमध्ये घालतो. उशिरा येणाऱ्यांनाही ताजंच मिळतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

*

चीज स्वतः किसा. किसून पाकिटात मिळणाऱ्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते तेवढं एकजीव वितळत नाही. बाकी सगळ्यांनी लिहिलंच आहे.

*

मी एकटी राहते आणि माझा ओव्हन टेबलावर मावणारा आहे, तरी हा पदार्थ माझ्या आठवड्यात असतोच. १२ खळग्यांच्या मफिन ट्रेमध्ये करते. ब्रेडचे तुकडे अर्ध्या इंचाचे, खळग्यांना लोणी भरपूर, पाऊण भरायचं कारण अंडं फुगतं. १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्यावर ते खाली बसतात, त्याने काही बिघडत नाही.

भाजलेलं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं. त्याहून जास्त असेल तर पूर्ण गार करून, एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये, दोनेक महिने. खायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवायचं. मायक्रोवेव्हमध्ये गरम होतं, पण ब्रेड ओलसर होतो. मला आवडतं ते असं: मफिन आडवा मधून कापायचा, तव्यावर थोडं लोणी, कापलेली बाजू खाली, मंद आच, वर झाकण. पाच-सहा मिनिटांत आत वाफ धरते आणि खालची बाजू सोनेरी कुरकुरीत होते. मोठ्या डिशमधल्या उरलेल्या वड्याही अशाच कराव्यात, फक्त बोटभर जाडीच्या कापा.